गोल्फच्या मैदानावर पिठलं

आधी कबूल करा, मधेच हसायचं नाही. हसायचंच असेल तर कपातला चहा संपवा आणि मग हसा. मागच्या वेळी हीच गोष्ट सांगताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला, आणि गोष्ट राहिली बाजूला, सगळे त्याचीच पाठ चोळत बसले.

तर त्या काळी माझ्याइतका शहाणा माणूस अख्ख्या सोलापुरात नव्हता. असं लोक म्हणत नव्हते, मी म्हणत होतो. आणि ह्या शहाण्यानं भर दुपारी, गावातल्या झाडून सगळ्या मोठ्या माणसांसमोर अशी माती खाल्ली, की आजही सूत बाजारातून जायचं झालं तर मी मागच्या बोळातनं जातो.

तुम्ही म्हणाल, काय केलंस बाबा एवढं? सांगतो की. पण आधी ते मैदान समजून घ्या.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, त्या वर्षांतली गोष्ट. विजापूर रस्त्याच्या अंगाला, गाव संपलं की एक उजाड माळ होता. गिरणीतल्या गोऱ्या साहेबांनी कधीकाळी त्या माळावर भोकं पाडून ठेवली होती. साहेब गेले, भोकं राहिली. ती म्युनिसिपालटीच्या गळ्यात पडली, आणि तिथं पाटी लागली, 'सार्वजनिक गोल्फ मैदान'. सार्वजनिक! आमच्या गावची जनता दिवसभर मागावर उभी. ती कधी जाणार हो गोल्फ खेळायला?

खेळ तरी काय म्हणता? काठीनं चेंडू लांब मारायचा आणि मग आपणच हुडकत जायचं. अरे, इतकं हुडकायचा कंटाळा आहे तर जवळ मार की! भोकाभोवतीच्या जागेला म्हणे 'ग्रीन' म्हणतात. हिरवं काय होतं तिथं? वाळूत तेल ओतून चोपून काढलेली काळीकुट्ट जागा. तिला हे लोक ग्रीन म्हणायचे आणि मला मान डोलवावी लागायची. घरात पाण्याचा तांब्या स्वतः न घेणारी माणसं, पण इथं बाभळीच्या काट्यात हात घालून चेंडू काढायची. वर एकमेकांना म्हणायची, "वा शेठ, काय मारलात!"

मी त्या मैदानावर वर्षभर होतो आणि त्यांचा खेळ एकदाही शेवटपर्यंत बघितला नाही. बघण्यासारखं होतं काय त्यात?

मी कोण? तर मी बसवराज, मैदानावरच्या कँटीनचा कंत्राटदार. कँटीन कसलं, 'रेस्टॉरंट' म्हणायचं, असा माझा हट्ट होता. साहेबांचा जुना बंगला होता, पुढं लांब व्हरांडा, मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. मी म्हणजे काही साधा खानावळवाला नव्हे बरं का. कुर्डुवाडी जंक्शनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये उमेदवारी केलेली. फर्स्ट क्लासातल्या लोकांच्या पुढ्यात सूप ठेवलेला हा हात आहे!

त्यामुळं आल्या दिवशी मी ठरवून टाकलं. इथं भाकरी, झुणका, शेंगाची चटणी असला गावंढळ प्रकार चालणार नाही. टोमॅटो सूप, कटलेट आणि कस्टर्ड. बस्स. वर्षभर तेच. बायको, शांतव्वा तिचं नाव, पहिल्या दिवशीच म्हणाली, "अवो, ते तांबडं पाणी कशाला पाजताय लोकांस्नी? सकाळधरनं उनात फिरल्यात, भाकरी द्या की पोटाला."

मी म्हणालो, "तुला काय कळतंय? इंग्लिश खाना आहे तो."

"मग इंग्लिश लोकं बोलवा खायाला," म्हणाली.

आमच्या तिच्या तोंडाला तेव्हाही कुणी लागत नव्हतं.

आता मेंबर लोकांचं सांगू? कटलेटाचा एक घास घ्यायचे आणि उरलेलं ताटात तसंच ठेवून उठायचे. कुणाचं पोट बिघडलेलं असायचं, कुणाला डॉक्टरनं तळलेलं वर्ज्य केलेलं असायचं. आमचे अध्यक्ष मल्लिनाथशेठ, सुताचे मोठे व्यापारी, देह असा की खुर्ची आधी तपासून मग बसायचे. त्यांचा तर रोज उपवास निघायचा. सोमवार शंकराचा, गुरुवार गुरूचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी दात दुखायचा. मी मनात म्हणायचो, काय ही नाजूक माणसं! काठी फिरवायला ताकद आहे, दोन कटलेटं पचवायला नाही.

आणि ह्याच शेठच्या हातात माझं कंत्राट! वर्ष भरत आलं तसा मी त्यांच्या मागं लागलो. ते नजर चुकवत म्हणाले, "बसू, फायनल मॅचच्या दिवशीचं जेवण होऊ दे. पुण्याहून कर्नलसाहेब येणार हायत. जेवणानंतर तुझं काय ते सांगतो."

माझा जीव टांगणीला लागला. का, ते ऐका. कंत्राट गेलं तर मला अक्कलकोटला मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत बसावं लागणार होतं. त्यानं जागाही काढून ठेवली होती, पट्ट्याच्या शेजारी. तिथं मी पिठानं पांढराफटक होऊन दळणं घालणार आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, "हे आमचे दाजी. साहेबांस्नी सूप पाजायचे." छे! त्यापेक्षा विहीर बरी.

म्हणून फायनलच्या दिवशी मी कंबर कसली. पातेलंभर सूप केलं, कटलेटांची रास लावली, कस्टर्डवर चेरी बसवल्या. व्हरांड्यात कागदाच्या माळा, टेबलांवर पांढऱ्या चादरी. माझा वाढपी रज्जाक, त्याला गळ्याला बो बांधायला लावला. तो सारखा बोटानं बो सैल करत म्हणत होता, "अण्णा, दम घुटता ना मेरा." मी म्हणालो, "रिफ्रेशमेंट रूममध्ये सगळे बांधतात. गप ऱ्हा."

फायनल होती शेठ आणि कर्नलसाहेब यांच्यात. शेवटचं भोक मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्याच शेजारी बक्षीस-समारंभाचा मंडप घातलेला. पंगत कधी बसणार याचा अंदाज घ्यावा म्हणून मी व्हरांड्यात आलो, कपाळावर हात धरला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या खेळाचा शेवट बघितला.

बघतो तर काय! भोकाभोवती माणसं गोल करून उभी. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही. सगळ्यांचे हात पुढं बांधलेले, माना खाली. आणि मधोमध मल्लिनाथशेठ जमिनीवर पालथे!

"रज्जाक! शेठ पडले!"

रज्जाक आला. आम्ही दोघं बघत राहिलो. शेठ उठेनात. मग सगळ्यांनी एकदम डोक्यावरच्या टोप्या काढल्या. सांगा आता! आपल्याकडं बाप्या माणूस डोक्यावरची टोपी कधी काढतो? देवळात काढत नाही, जेवताना काढत नाही. उघडं डोकं म्हणजे दारातनं तिरडी निघाली, असंच ना? टोप्या काढल्या आणि ते एकमेकांचे हात हातात घ्यायला लागले. कर्नलसाहेबांनी तर एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला.

मी व्हरांड्याचा खांब धरला.

मग काठ्यांच्या थैल्या वाहणारे दोन गडी पुढं झाले, शेठना बगलेत धरून उचललं आणि मंडपाकडं न्यायला लागले. शेठचे पाय नुसते फरफटत होते.

रज्जाक म्हणाला, "अण्णा, मैं जाके देखके आऊं क्या?"

"नक्को!" मी ओरडलो. "काय बघायचंय त्यात? मला डोळे नाहीत?"

तरी म्हटलं, खात्री करावी. तेवढ्यात मंडपात त्यांनी शेठना मधल्या मोठ्या खुर्चीत बसवलं. आणि मग ते दिसलं, ज्याच्यानंतर शंकेला जागाच उरली नाही. एकेक जण पुढं यायचा, शेठच्या गळ्यात हार घालायचा, हात जोडायचा आणि मागं सरायचा. शेठ ढिम्म! मान छातीवर, हात मांडीवर.

तुमच्यातल्या कुणाला माहीत नसेल तर सांगतो. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. बसवतात. पाठ टेकवून नीट बसवायचं, हार घालायचे, समोर भजन. मग फुलांनी सजवलेल्या विमानात बसवूनच न्यायचं. शेठ आमच्यातलेच. म्हणजे त्या टोप्यावाल्यांनीसुद्धा शेठच्या घरची रीत पाळली होती! मला त्यांचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

मी शांतव्वाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, डोळे बारीक करून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "यप्पा! बसिवलंय की वो त्यांस्नी!"

झालं. आता बायकोनंही शिक्का मारला. तिनं माझ्या एखाद्या म्हणण्याला हो म्हटलं, ते आमच्या संसारात तेवढंच एकदा.

मला रडू फुटलं. शेठसाठी, असं म्हणायचं होतं मला. पण खोटं कशाला बोलू? रडू फुटलं ते गिरणीचा पट्टा डोळ्यांसमोर आला म्हणून. 'जेवणानंतर सांगतो' म्हणणारा माणूसच जेवणाआधी गेला! आता कंत्राटाचं कोण सांगणार?

आणि तिथंच माझ्या शहाण्या डोक्यात एक विचार आला. अशा वेळी जो माणूस धावून जातो, त्याला लोक जन्मभर विसरत नाहीत. हे टोप्यावाले उभे राहतील नुसते हात बांधून. त्यांना काय ठाऊक विमान कुठं मिळतं, भजनी मंडळी कुणाची बोलवायची? मी सगळं पार पाडतो. मग कमिटी म्हणेल, धन्य तो बसवराज! कंत्राट कुठं जातंय?

"रज्जाक, तो बो काढ. सायकल घे. शेठच्या पेठेत जा आणि भजनी मंडळीला सांग, विमान सजवून घेऊन या."

"शेठ के घर पे बोलूं?"

"घरी कोण आहे? सगळं बिऱ्हाड लग्नाला गेलंय अक्कलकोटला. पेठेत सांग. पण हळू सांग, गलका करू नको."

रज्जाक हळू सांगणारा माणूस! तो गेला आणि त्यानं सूत बाजाराच्या तोंडाशी उभं राहून अशी आरोळी ठोकली, की दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. हे मला नंतर कळलं.

इकडं मी कामाला लागलो. कागदाच्या माळा ओढून काढल्या. टेबलं भिंतीला लावली, चादरी जमिनीवर अंथरल्या. सूप नेऊन बाभळीच्या बुंध्यात ओतलं. मयताच्या जागी गोड कसं ठेवायचं, म्हणून कस्टर्डची भांडी चरायला आलेल्या शेळ्यांपुढं ठेवली. शेळ्यांनी वास घेतला आणि चेरी तेवढ्या उचलून निघून गेल्या. मी म्हटलं, शेळ्यांना काय कळतंय इंग्लिश खाण्यातलं.

शांतव्वा तोवर पदर खोचून चुलीपुढं बसली होती. "माती देऊन आल्यावर माणसं उपाशी ऱ्हातील. मयताच्या घरी पिठलं-भाकरीच जायाला पायजे. तुमची कटलेटं घेऊन कोण बसंल?"

पहिल्यांदाच मी माझ्या स्वयंपाकघरात पिठल्याला परवानगी दिली. मोठ्या मनानं! फोडणीचा वास व्हरांड्यापर्यंत आला. मी नाकाला रुमाल लावला. म्हटलं, काय दिवस आले, गोल्फ क्लबात लसणाची फोडणी!

मधेच मंडपात सगळे ताठ उभे राहिले आणि हलेनात. वारं उलट्या दिशेनं, त्यामुळं आवाज काही येईना. म्हटलं, श्रद्धांजली. मीही व्हरांड्यात एकटा ताठ उभा राहिलो, मान खाली घालून. ते राष्ट्रगीत होतं, हे मला कसं कळावं?

थोड्या वेळानं रस्त्यावर धुरळा उठला. पुढं टाळ-मृदंग, मागं केळीचे खुंट बांधलेलं, झेंडूच्या माळांनी सजवलेलं विमान, आणि त्याच्या मागं सगळा सूत बाजार! दिवाणजी, हमाल, दलाल, शेठचे भाऊबंद, शेठशी दहा वर्षं न बोललेले लोक, सगळे. आणि गर्दीत सगळ्यांत पुढं, डोळे पुसत, आमचा रज्जाक.

म्होरके होते भजनी मंडळातले म्हातारे स्वामी. त्यांनी मला विचारलं, "कुठं बसवलंय?"

"मंडपात आहेत. आणतील आता. तुम्ही भजन चालू ठेवा."

भजन सुरू झालं. मी विमानाच्या दांडीला धरून उभा राहिलो आणि मग मात्र मला आवरेना. मोठ्यानं रडायला लागलो. लोक म्हणायला लागले, "बघा, कंत्राटदार माणूस, पण जीव किती हाय!" ते ऐकून मी आणखी मोठ्यानं रडलो. म्हटलं, कमिटीपर्यंत आवाज गेला पाहिजे.

तेवढ्यात मागून खांद्यावर एक जड हात पडला.

"बसू, गप बे. रडू नको. आमी हाय की."

मी न बघताच म्हणालो, "कसा गप राहू हो? माझा आधारच गेला!"

"व्हय बाबा, मानसाच्या हातात काय असतंय? धीर धर. माळा बी काढून टाकल्यास की. कोण गेलं?"

मी वळलो. गळ्यात पाच-सात हार, हातात चांदीचा कप, कपाळावर घाम आणि डोळ्यांत माझ्याविषयीची दया. साक्षात मल्लिनाथशेठ!

माझा हात दांडीवरनं सुटला. शेठनी माझा हात हातात घेतला. "अरे, कोण गेलं बे? सांग तरी."

"तुम्ही," मी म्हणालो.

टाळ थांबले. मृदंग थांबला. कुणाच्या तरी हातातनं एक टाळ निसटला आणि दगडावर आपटून घरंगळत गेला. म्हातारे स्वामी "शिवा शिवा शिवा" म्हणत विमानाच्या मागं जाऊन उभे राहिले.

शेठनी विमानाकडं बघितलं. गळ्यातल्या हारांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मी?"

"व्हय."

"कवा?"

"मघाशी. भोकापाशी."

"आन मला कुणी सांगितलं कसं न्हाय?"

मागून कर्नलसाहेब आले, मिशीला पीळ भरत. "हा काय प्रकार आहे, शेठ?"

"काही न्हाय कर्नलसाहेब," शेठ म्हणाले, "मी वारलोय."

मग सगळा उलगडा झाला. चेंडू भोकात कुठल्या वाटेनं जाईल हे बघायला शेठ जमिनीवर पालथे झाले होते, आणि तिथंच त्यांचा गुडघा धरला. तसंच पालथं राहून त्यांनी काठीनं चेंडू ढकलला, तो भोकात गेला, शेठ जिंकले, पण उठता येईना. शेवटच्या भोकावर खेळ संपला की टोप्या काढून हात मिळवायचे, ही ह्या खेळाची जगभरची रीत! रोज व्हायचं ते तिथं, माझ्या व्हरांड्यातून दिसेल असं. हार होते जिंकल्याचे. आणि शेठ खुर्चीत ढिम्म होते, कारण पाहुण्यांचं भाषण चालू होतं आणि त्यांना डुलकी लागली होती.

भोवताली सगळा बाजार, सगळे मेंबर, पुण्याचे पाहुणे. एकही माणूस हसत नव्हता. हसले असते तर बरं झालं असतं. मला तर वाटलं, सजवलेलं विमान आहेच समोर, आपणच जाऊन बसावं त्यात.

शेठचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. ते काहीतरी बोलणार, तोच स्वयंपाकघराच्या दारातून शांतव्वा आली. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात पिठल्याचं पातेलं. तिनं एकदा जिवंत शेठकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ते बघणं मी अजून विसरलो नाही.

"वारला असाल तर माती देऊन या," ती शेठना म्हणाली, "आन वारला नसाल तर हात धुऊन बसा. भाकरी गार व्हायलीया."

शेठनी वास घेतला. त्यांनी चांदीचा कप माझ्या हातात कोंबला, गळ्यातले हार काढून विमानावर टाकले आणि चादरीवर मांडी घातली. गुडघा आता बरा वाकला!

शेठ बसले म्हटल्यावर सगळे बसले. मेंबर आणि हमाल एका रांगेत. शांतव्वानं पिठलं वाढलं, भाकरीवर लाल मिरचीचा ठेचा ठेवला, कांदे बुक्कीनं फोडून टाकले. कर्नलसाहेबांनी चमचा मागितला. तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. मग त्यांनीही हातानं सुरुवात केली. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, पण माणूस थांबेना. मी कोपऱ्यात कटलेटांचं ताट घेऊन उभा होतो, कुणी चुकून मागितलं तर असावं म्हणून. माझ्याकडं कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

शेठनी किती भाकरी खाल्ल्या, ते शांतव्वा मोजू देत नाही, दृष्ट लागते म्हणून. शेवटी त्यांनी पातेलं बोटानं पुसलं, दणदणीत ढेकर दिली आणि मला बोलावलं.

"बसू, हिकडं ये. जेवणानंतर सांगतो म्हटलं होतं न्हवं?"

मी हात जोडले. "चुकलं शेठ. पदरात घ्या."

"ऐक. कालच कमिटी बसली होती. तुझं कंत्राट काढून घ्यायचं म्हणून सगळ्यांनी हात वर केले. मी एकट्यानं केला न्हाय."

माझे डोळे भरून आले. "उपकार झाले, शेठ!"

"उपकार कसले बे? त्या दिवशी तुझं कटलेट खाल्लं होतं. दोन्ही हात पोटावर होते."

आता मात्र सगळे हसले. सगळा बाजार हसला. वर्षभर ज्यांची पोटं बिघडत होती ते सगळे पोटं धरून हसले. कुणी म्हणालं, आम्ही कटलेटं रुमालात बांधून बाभळीमागं टाकायचो. कुणी म्हणालं, कुत्रीसुद्धा आता तिकडं फिरकत नाहीत. आणि मी त्यांना नाजूक समजत होतो!

"वर्षभर तुझ्या हातचं खाऊन रोज थोडा थोडा मरत होतो," शेठ म्हणाले. "आज पुरता मेलो, तवा कुठं पोटभर जेवायला मिळालं. कंत्राट चालू ठेवू आमी. पण शांतव्वाच्या नावानं. काय गं, जमंल का तुला?"

"न जमायला काय झालं?" ती म्हणाली. "पर ह्यांनी चुलीजवळ यायचं न्हाय."

"मग ह्यानं करायचं काय?"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हातातलं कटलेटांचं ताट काढून घेतलं, बाजूला ठेवलं.

"कांदं फोडतील की," म्हणाली.

तेव्हापासून फोडतोय. आणि परवा काय म्हणाली सांगू? म्हणाली, "अजून बुक्की नीट बसत न्हाय तुमची. जमणार नसंल तर भावाला निरोप धाडते, गिरणीतली जागा अजून मोकळीच हाय."